कानसेनांचे ट्वीटर

"स्पीकर म्हातारा होतो, कान होत नाही," असं कानसेन एकदा म्हणाले होते, आणि स्टुडिओतल्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं.

जन्मभर त्यांनी जुने ट्वीटर दुरुस्त केले. ट्वीटर म्हणजे स्टुडिओतल्या स्पीकरच्या पेटीत वरच्या बाजूला बसवलेला छोटासा रेशमी घुमट. 'स'ची धार, तारेची झणझण, बोलण्याआधी घेतलेला श्वास, हे सगळं बारीकसारीक त्याच्यातून येतं. त्यांच्या मुलीच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओतली जोडी मुलीपेक्षा वयाने मोठी होती. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. कानसेन घुमट उतरवत, केसासारखी तार नव्याने गुंडाळत, आणि मीटर न लावता डोळे मिटून ऐकत. त्यावरूनच हे नाव पडलं.

त्यांची बायको तिथेच अंधांसाठी पुस्तकं वाचायची. "मला दोन सवती आहेत," ती म्हणे, "पण भांडत नाहीत, हे नशीब." ट्वीटर जुळवताना ते तिचंच वाचन लावत. परिच्छेदाआधीचा तिचा श्वास कानात जसा जपून ठेवला होता तसा आला, की काम झालं. पुढे पुढे तो तसा येईना. ट्वीटर बुजलेत, असं म्हणत ते पेटी उघडत. आत ट्वीटरच्या वाटेवर एक रेझिस्टर असतो. बारीक आवाज किती सोडायचा ते तो ठरवतो. दर खेपेला ते आधीपेक्षा कमी अडवणारा रेझिस्टर बसवत. त्याच सुमारास त्यांनी बायकोमागेही भुणभुण लावली, तू हल्ली पुटपुटतेस म्हणून. तिने हसण्यावारी नेलं आणि आवाज चढवला.

मग ती गेली. कानसेन रोज दुपारी स्टुडिओत येऊन दोन्ही पेट्यांच्या मधल्या खुर्चीत बसू लागले. मुलगी तिचं वाचन लावून द्यायची. दर परिच्छेदाआधी ते किंचित पुढे झुकत, समोरचं माणूस आता काहीतरी बोलणार असल्यासारखे.

एके दिवशी पुस्तकं काढणाऱ्या संस्थेतल्या बाईंचा फोन आला. तुमच्याकडची वाचणारी माणसं उशीत तोंड खुपसून वाचतात का, असं त्यांनी विचारलं. हे असंच राहिलं तर काम दुसरीकडे देऊ, हेही सांगितलं. मुलीने आईचं शेवटचं पुस्तक घरी, स्वयंपाकघरातल्या साध्या स्पीकरवर लावलं. आई भिंतीपलीकडून वाचत होती. 'स' बोथट, श्वास जेमतेम. कुणीतरी तिला कपाटात ठेवून दार लोटलं होतं आणि ती, काहीच झालं नसल्यासारखी, आत वाचतच बसली होती. मुलीने पट्टी सरकवून बारीक आवाज वर ओढला, तर आईच्या आधी खरखरच वर आली. तिने स्पीकर बंद केला, तरी भांडी विसळताना मागे कुणी वाचतंय असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने पेटी उघडली. मूळचा रेझिस्टर नव्हता. त्याच्या जागी भलताच होता, आणि त्याला दिलेले कथलाचे डाग बाबांच्या हातचे, मोहरीसारखे गोल, चकचकीत. हाताने कुठेही चूक केली नव्हती. आता तिला कळलं: पेटी गरजेपेक्षा तीक्ष्ण बोलत होती, म्हणून तिच्यावर ऐकून ध्वनिमुद्रण जुळवताना मुलगीच इतकी वर्षं प्रत्येक आवाजाची धार मारत आली होती. आईच्याही.

रेझिस्टर मूळचे बसवले तर स्टुडिओ वाचणार होता. पण मग त्या खुर्चीत बाबांना काय ऐकू येईल? शेवटी तिने मूळच्या मापाचे बसवून डाग दिले.

दुपारी कानसेन आले. वाचन सुरू झालं. ते पुढे झुकले, थांबले, तसेच मागे टेकले. पुढच्या परिच्छेदालाही तेच. उठून त्यांनी डाव्या ट्वीटरला कान लावला, मग उजव्याला.

"पेटी कुणी उघडली?"

"मी. रेझिस्टर मूळचे लावलेत, बाबा."

"मूळचे कशाला? बघ, आवाज बसला. हिचा श्वास कुठे गेला?"

पेटीत आई पान उलटत होती.

"अगं, तुला विचारतोय. ही श्वास घेतेय की नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. पेटी पुन्हा उघडणं त्याहून सोपं.

"घेतेय," ती म्हणाली. "अगदी हलका आहे. पण मला ऐकू येतोय, बाबा."

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग ट्वीटरकडे. हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. आईने पुढचा परिच्छेद घेतला. त्याआधी त्यांच्या कानाला नुसती शांतता होती; मुलीच्या डोळ्यांत मात्र तो श्वास ऐकल्यासारखं काहीतरी हललं, तेवढं त्यांना दिसलं. त्यांनी चपलांत पाय सरकवले, स्टुडिओचं जड दार खांद्याने लोटलं, आणि वाचन चालू असतानाच बाहेर पडले.