हवेची गन की बॅटरीची

अजूनही दुपारचं जेवण जरा जास्त झालं आणि डोळा लागला, की मला आमचा कंप्रेसर ऐकू येतो. भक् भक् भक् करत टाकी भरत येते, खटका पडतो, फुस्स करून हवा सुटते, आणि सगळं वर्कशॉप क्षणभर श्वास धरून बसल्यागत गप होतं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके खाली उतरलेले असतात, आणि वेल्डिंगचा धूर त्यांतून सावकाश वर चाललेला असतो. मी काहीतरी सांगायला तोंड उघडतो तेवढ्यात जाग येते. बघतो तर डोक्यावर नुसता पंखा फिरत असतो.

वर्कशॉप आम्हा दोघा भावांचं. शिरोली एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, एका ओळीत सहा-सात शेड होत्या, त्यातली शेवटची आमची. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधायच्या आणि मोडलेल्या उभ्या करायच्या. उसाचा हंगाम तोंडावर आला की जिल्ह्यातल्या सगळ्या ट्रॉल्यांना एकाच आठवड्यात दुखणी सुचतात, त्यावर आमचं पोट. दादानं नव्वदच्या सुमारास हे सुरू केलं तेव्हा मी कॉलेजात नापास होण्याच्या कामात गुंतलो होतो. त्यानं मला तिथनं उचललं आणि हातात पाना दिला. त्याबद्दल मी त्याला पहिली दोन वर्षं शिव्या दिल्या, मग विसरलो.

कंप्रेसर आला तो बंद पडलेल्या एका फौंड्रीतून, जुनाच. त्याआधी चाकाचा नट म्हणजे पाना, पान्याला पाइप, आणि पाइपावर लोंबकळणारा एक गडी. हवेची गन, म्हणजे कंप्रेसरच्या हवेवर फिरणारा पाना, आली आणि नट पिकल्या बोरागत हातात पडायला लागले. दादाच्या हाती ती गन अशी काही शोभायची की गिऱ्हाईक चहा सोडून बघत बसायचं. नट बसत आला की गनचा आवाज बदलतो, टर्रर्रचं टक् टक् होतं. दादा त्याच ठोक्याला बोट उचलायचा. वर पान्यानं तपासावं तर नट बरोबर बसलेला. "नाद करायचा न्हाय पावणं," असं मीच गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचो, जणू काही कसब माझंच.

पुढं पुढं तो गन चालवताना डावा तळवा चाकावर टेकून ठेवायला लागला. मला वाटलं, स्टाइल मारतोय.

दोन हजार सालानंतरची लोडशेडिंगची वर्षं कोण विसरेल! भर दुपारी लाईट जायची. टाकीत उरलेल्या हवेवर आणखी दहा-बारा नट निघायचे, मग गन कण्हत कण्हत मान टाकायची. त्यानंतर पाइपाच्या जोडातनं बारीक सूं... सूं... करत हवा गळत राहायची. गडी ट्रॉल्यांच्या सावलीला आडवे व्हायचे. कुणी तालमीतल्या गमती सांगायचा, कुणी बायकोच्या माहेरच्या. लांबनं गुऱ्हाळाचा गोड वास यायचा आणि बोलता बोलता एकेकाचा आवाज विरघळून जायचा. खरं सांगतो, धंदा बुडायचा तो तास मला फार आवडायचा. तसा निवांत तास मला पुन्हा मिळालेला नाही.

दादा मात्र आमच्यात कधी बसला नाही. लाईट गेली रे गेली, की तो एखाद्या रिकाम्या ट्रॉलीत चढायचा, तोंडावर टॉवेल टाकायचा आणि झोपायचा. हाक मारली तरी ओ देत नसे. एकदा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. ते सांगायला मी ट्रॉलीखाली उभा राहिलो. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. टॉवेल हलला नाही. मी मुळात तापट माणूस. "मालक झालास म्हणून लय भाव खायला लागलाईस व्हय?" म्हणून ट्रॉलीच्या फळीवर लाथ घातली आणि घरी गेलो. आईजवळही त्याच्याबद्दल नाही नाही ते बोललो. आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि ऑपरेशनला त्याला वहिनीनं आणलं.

अशातच कंप्रेसर तेल प्यायला लागला. हवा धरेना. कंप्रेसर दुरुस्त करणाऱ्यानं सांगून टाकलं, आता ह्याच्यात जीव नाही, नवा बघा. म्हणजे घ्यायचं तर होतंच, प्रश्न एवढाच की काय घ्यायचं. शाहूपुरीतल्या एका दुकानदारानं माझ्या हातात बॅटरीची गन ठेवली आणि माझं डोकंच फिरलं. पाइप नाही, वायर नाही, पायात काही अडकत नाही! आदल्या हंगामात कोडोलीच्या शिवारात एक ट्रॉली भरल्या उसानिशी बसली होती. कंप्रेसर काही शेतात नेता येत नाही. पाना आणि पाइप घेऊन मी अर्धा दिवस त्या चाकाशी कुस्ती खेळलो होतो. ही गन असती तर चहा थंड व्हायच्या आत चाक निघालं असतं. त्या रात्री मला स्वप्न पडलं, मी गन घेऊन उसातनं चाललोय, पाती बाजूला होतायत, आणि बाजूला होताना जरासुद्धा आवाज करत नाहीत.

सकाळी दादाला सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडलो, कारण मरता मरता कंप्रेसर जास्तच बोंबलत होता.

"दादा, बॅटरीची घेऊया! लाईट गेली तर काम थांबायचं न्हाय! रोज टाकीतलं पाणी सोडायला नको, जोड गळायला नको!"

"आणि मोठा नट? त्यो निघंल व्हय त्या खेळण्यानं?"

"पयला आटा पान्यानं सोडवायचा!"

"उन्हाळ्यात तापून बंद पडंल. बॅटरी दोन-तीन वर्सांत मरती. हवा कदी म्हातारी हुती काय रं?"

मुद्दे त्याचेही खोटे नव्हते. मोठ्या नटाला हवेसारखा जोर नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण मी हट्टाला पेटलो होतो आणि तोही. शेवटी त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "बॅटरी आणलीस तर मी गावाकडं, मुरगूडला जातो. शेती करतो, म्हशी धुतो. वर्कशॉप तुझं तू बघ."

मी गारच पडलो. एका गनेपायी? पंधरा वर्षांचं एकत्र काम, आणि हा सरळ निघाला! दादाशिवाय ते वर्कशॉप म्हणजे नुसते चार पत्रे, हे मला कळत होतं. पण तोंडातनं काय निघालं? "जा की! कोण आडवलंय?"

मग मध्यम मार्ग निघाला. दुकानदारानं दोन गन आठ दिवस वापरून बघायला दिल्या. आठ दिवसांनी दादा म्हणेल तसं. पटलं तर बॅटरी, नाहीतर नवा कंप्रेसर; तोवर मुरगूडचं नाव काढायचं नाही.

पहिल्या दिवशी कंप्रेसरचा पट्टा काढून ठेवला आणि आम्ही सगळे बावरलो. एवढी शांतता आम्ही कामाच्या वेळेत कधी ऐकलीच नव्हती. गन टरटरायची तेवढ्यापुरतीच, मग पुन्हा सगळं गप. पत्र्यावर चिमण्यांची पावलं वाजायची. आमचा एक गडी काम करताना गातो, आणि बरं गातो, हे आम्हाला इतक्या वर्षांनी कळलं. मी तर तरंगतच होतो. कुणी काही मागितलं की पलीकडच्या टोकाला साध्या आवाजात ऐकू जायचं.

आमची एक जुनी रीत त्यामुळे आपोआप मोडली. कंप्रेसरच्या दिवसांत आम्ही कामात तोंडानं बोलायचोच नाही. ट्रॉलीच्या सांगाड्यावर पान्यानं ठोका द्यायचा. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू दे. लोखंडाला हात असला की ठोका हातालाच कळतो. आता तोंड मोकळं झालं, मग ठोके कोण देणार?

दादा मात्र त्या दिवसांत बिघडत चालला. चोवीसचा पाना मागितला तर हातोडी द्यायचा. गन वेळेत सोडेना, दोन बोल्ट पिळून तोडले. ज्याच्या हातचा नट तपासायची गरज नव्हती, तो माणूस! मी मनात म्हटलं, मुद्दाम करतोय. माझी बॅटरी नापास करायची म्हणून चाललंय सगळं. गड्यांसमोर तसं बोलूनही दाखवलं. त्यानं उत्तर दिलं नाही, आणि माझा पारा आणखी चढला.

चौथ्या दिवशी ट्रॉली जॅकवर होती. मी खाली उताणा, डावा हात वर स्प्रिंगचा पाटा आणि खाली एक्सल यांच्या मध्ये. दादा जॅकपाशी, माझ्याकडं पाठ करून. माझं काम झालं समजून त्यानं जॅक सोडायला घेतला. मी म्हटलं, "थांब." सांगाडा खाली येतच राहिला. "दादा थांब! थांब!" तरी येतच राहिला. मग मी आईच्या नावानं जे ओरडलो ते पलीकडच्या शेडमध्ये ऐकू गेलं. एका गड्यानं धावत येऊन दादाचा हात धरला, तेव्हा कुठं जॅक थांबला.

मी सरपटत बाहेर आलो. मधल्या बोटाचं नख गेलं होतं, रक्त मनगटापर्यंत आलं होतं. दादा आधी गड्याकडं बघत होता, मग माझ्याकडं, झोपेतनं उठवल्यासारखा. मी त्याच्या तोंडासमोर उभा राहून ओरडलो, "कवाधरनं ओरडतोय मी! मारणार हुतास व्हय मला?"

त्यानं माझ्या ओठांकडं बघितलं. डोळ्यांकडं नाही, ओठांकडं. आणि मान खाली घातली. गाणारा गडी गायचा थांबला होता, आणि त्या शांततेत आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं.

दवाखान्यात बाकावर बसलो होतो. माझ्या बोटाला त्याचाच टॉवेल गुंडाळलेला. मी त्याच्याकडं तोंड करून सावकाश विचारलं, "कवापास्नं?"

"झाली की चार-पाच वर्सं. आदी डावा गेला."

"सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगू? मिस्त्रीला नट ऐकू येत न्हाय म्हणून?" तो नेहमीसारखाच मोठ्यानं बोलत होता. आमच्याकडं सगळेच मोठ्यानं बोलतात, म्हणून कुणाला कधी काही वाटलंच नव्हतं. "कंप्रेसर चालू असला की समदीच भैरी हुती रं बारक्या. कुणालाच कुणाचं ऐकू यायचं न्हाय. तितं मी एकटा न्हवतो."

मला चाकावर टेकलेला डावा तळवा आठवला; हवेच्या गनचा ठोका तो तळव्यानं ऐकत होता, बॅटरीच्या गनचा त्याला कळत नव्हता. तोंडावरचा टॉवेल आठवला. झोपेचं सोंग होतं ते. लाईट गेली की त्याला भीती वाटायची, कुणी काही विचारेल म्हणून. आणि मी फळीवर लाथा घालत होतो. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नाही. बोटाचं दुखणं त्यापुढं काहीच नव्हतं.

"दादा, उद्या नवा कंप्रेसर घेऊ," मी म्हटलं. "बॅटरीच्या गन परत देतो. तू कुटं जाऊ नगंस."

त्यानं माझे ओठ वाचले आणि नकारार्थी मान हलवली. "बॅटरीच ठीव."

"अरं पन तू—"

"जातो म्हनलं म्हणून गेलो काय? आसंन हितंच, कायबी काम करंन. पन त्यो आवाज परत नगं. माजं गेलं ते गेलं. गड्यांचं कान अजून चांगलं हायत. तुजं बी."

बाकांवरची सगळी माणसं आमच्याकडं बघत होती. मला राहवेना. मी तोंड भिंतीकडं फिरवलं आणि चांगल्या हातानं डोळे पुसायला लागलो. दादानं माझ्या खांद्याला हात लावला आणि काळजीनं विचारलं, "काय म्हनालास?"

मी काहीच म्हणालो नव्हतो.