सोनोग्राफीआधीचं अर्धा कप दूध

मुलांनो, तुमच्या आजोबांची आजची सोनोग्राफी झाली नाही. फोनवर तुमच्या आईला मी "मशीन बंद होतं" असं सांगितलं. ते खरं नाही. उद्या काहीही निघालं, तरी त्याआधी खरं काय ते तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून आज दुपारीच लिहायला बसले.

त्यांच्या यकृतात गाठ आहे. तीन महिन्यांच्या गोळ्यांनी ती थांबली की वाढली, हे आज कळायचं होतं.

रविवारी तुमच्यातल्या थोरलीनं तिचं प्रयोगशाळेतलं काम मला समजावलं. पेशी अगदी बारीक पिशव्या बाहेर सोडतात. त्यांत औषध भरून त्या रक्तात सोडायच्या आणि दुखऱ्या जागी बाहेरून अल्ट्रासाउंडच्या लहरी द्यायच्या, म्हणजे औषध तिथं जास्त उतरतं. मी सवयीप्रमाणे सगळं वहीत इंग्रजीत टिपलं. "आजी, हे अजून उंदरांवरच चाललंय," असं ती दोनदा म्हणाली. तेवढं मात्र मी लिहिलं नाही.

सोनोग्राफी म्हणजेही अल्ट्रासाउंडच. उपाशीपोटी न्यायचं हे पक्कं माहीत असून निघताना मी त्यांना गोळी दिली. नुसत्या गोळीनं मळमळतं, म्हणून वर अर्धा कप दूध. लहरी यकृतावरून फिरतील तेव्हा औषध रक्तात असावं, एवढंच डोक्यात होतं.

सदर भागातल्या सोनोग्राफी सेंटरमधल्या डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "पित्ताशय आकसलंय. काही घेतलंत का?"

"हिनं दूध पाजलं," आजोबा पडल्यापडल्या म्हणाले. "काहून वं, रातपासून मले उपाशी ठेवून राहिली होती, अन् मंग दूध कायले?"

मी सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "आजी, हे यंत्र फक्त बघतं. औषध कुठं पोचवत नाही. उद्या नऊला या, उपाशी."

ऑटोत मला रडू आवरेना.

"एवढी शिकेल-सवरेल बाई तू!" ते म्हणाले. "जाऊ दे वं. गाठीलेही एक दिवस सुट्टी."

एका दिवसानं काय बिघडणार, असं सकाळपासून स्वतःला विचारते आहे.

गाठीचं उद्या कळेल. आज त्यांनी दोन भाकरी आणि वाटीभर झुणका खाल्ला, वर तिखट कमी पडल्याचं सुनावलं. त्यांची भूक अजून शाबूत आहे.