इराणी जेवणाची कुपनं

दुष्काळाच्या साली आमच्या पतसंस्थेनं लाभांशाऐवजी माजलगावच्या इराणी हॉटेलची अर्ध्या दराची कुपनं वाटली. हॉटेल चेअरमनच्या मेव्हण्याचं होतं. आमच्या गल्लीत राहणारे संस्थेचे एक कारकून सभासदांना स्वतः तिथं घेऊन जायचे आणि ताट यायच्या आधीच "लई भारी!" म्हणायचे. मी तीनदा गेले. तिन्ही वेळा केशरी भात कच्चा, मटण चिवट, आणि कुपनवाल्यांना पाणी एकच पेला. कारकून मात्र घास न चावता गिळायचे आणि मान डोलवायचे.

वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी ते दारात आले.

"ताई, पुढल्या सालीबी कुपनंच द्यायचा ठराव हाय. लोक चिडलेत. ठराव पडला तर माझी नोकरी गेली. जेवण चांगलं हाय, एवढंच बोला. तुमी कधी तोंड उघडत न्हाईत, तुमचं लोक खरं धरतील."

सभेत मी उभी राहिले. "भात कच्चा होता," एवढंच तोंडातून निघालं. लोक हसले. कारकुनांनी मान खाली घालून इतिवृत्तात काहीतरी लिहिलं आणि मग खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, "भगिनी सभासदांनी भाताचा विशेष उल्लेख केला."