ज्याचं मूल त्यानं शिकवायचं नाही

मुलं शाळेत शिकतात त्याचे किस्से होत नाहीत. घरी बाप शिकवायला बसले की होतात! आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगीत, सत्तर सालानंतरच्या त्या तीन-चार वर्षांत, इतके झाले की आम्ही बायका आजही कुणाच्या लग्नात भेटलो की पंगतीत तेच सुरू होतं. वाढपी जिलबी घेऊन ताटकळतो आणि आमचं हसून संपत नाही.

त्यातले फक्त आमच्या मजल्यावरचे सांगते. मजल्यावर बिऱ्हाडं तीन. आम्ही, समोर सामंत आणि कोपऱ्यात जोशीकाका-काकू. माझा शिरीष आणि सामंतांची रेखा एकाच वर्गात, चौथीत. जोशीकाकांची मुलं नोकरीला लागलेली, त्यामुळे काकांकडे सल्ला द्यायला भरपूर वेळ होता.

*

दिवेलागणीला शुभंकरोती संपलं की घरोघर गणित सुरू व्हायचं, आणि गणित सुरू झालं की रडणं. आमचे हे एरवी गरीब गाय, पण शिरीष हातचा विसरला की यांच्या अंगात यायचं. सामंत त्याहून वरचढ. एकदा रेखाच्या हातावर मारताना त्यांची फूटपट्टी मोडली, तर पट्टी मोडली म्हणून तिलाच पुन्हा ओरडले.

सहामाहीत रेखा गणितात नापास झाली. सामंतांनी आपल्या मालवणीत, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "वार्षिकाक नापास झालंस तर शाळा बंद. गावाक काकाकडे धाडतलंय तुका." सामंत बोलले की करणारे. सामंतवहिनींचं त्या दिवसापासून जेवणात लक्ष लागेना.

मग आमच्या ह्यांनी तोडगा काढला. दुसऱ्याच्या मुलावर हात उचलता येत नाही, तर मुलंच बदलून घेऊ. रेखा आमच्याकडे, शिरीष सामंतांकडे आणि रविवारी दोघं जोशीकाकांकडे. काकांनी लगेच ठराव लिहून जिन्यात चिकटवला: 'ज्याचं मूल त्यानं शिकवायचं नाही.' आम्हा बायकांना कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे फक्त चहा करायचं काम आलं.

*

सामंत आरे कॉलनीत दुधाच्या कामावर होते. त्यांचं सगळं जग लिटरमध्ये. 'राम ताशी चार किलोमीटर चालतो' असं गणित आलं की म्हणायचे, "रामाक सोड, म्हैस घे." मग ती म्हैस ताशी चार लिटर दूध द्यायची आणि शिरीषचं उत्तर बरोबर यायचं.

शिरीषला ही पद्धत इतकी पटली की घटक चाचणीत त्यानं सगळीच उत्तरं लिटरमध्ये दिली. रामचं आजचं वय बारा लिटर!

मुलांच्या वर्गाच्या बाई बोलायच्या कमी, वहीत लिहायच्या जास्त. त्यांनी लाल शाईनं लिहिलं, "राम नासायच्या आत पालकांनी येऊन भेटावे."

आता पालक म्हणजे कोण, शिकवणारे की जन्म दिलेले, यावर दोन संध्याकाळी वाद झाला. शेवटी मीच गेले.

*

आमचे हे साकीनाक्याला एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहायचे. हिशेबात काही उरलेलं त्यांना खपत नसे. भागाकारात बाकी उरली की ते बेचैन व्हायचे. रेखाला काय समजावलं देव जाणे, पण तिनं पन्नासला आठनं भागलं, भागाकार सहा लिहिला आणि बाकी दोनच्या पुढे लिहिलं, 'किरकोळ खर्च'.

बाईंनी त्याच्या शेजारी लिहिलं, "हा खर्च कोणी मंजूर केला?"

ह्यांनी चष्मा पुसून तो शेरा पुन्हा वाचला. मग म्हणाले, "ही बाई आमच्याकडे ऑडिटला येते की काय?"

*

त्याच वर्षी नवं गणित आलं होतं आणि त्यात 'संच' नावाची नवी भानगड होती. जोशीकाका पावकी-निमकीवर वाढलेले. रिकाम्या संचाचं पान उघडलं आणि ते भडकले. ज्यात काहीच नाही त्याला नाव कशाला द्यायचं, सरकारला दुसरे उद्योग नाहीत का, असं त्यांचं सुरू झालं. मुलं ऐकत होती.

इतक्यात आतून काकू साखरेचा डबा घेऊन आल्या आणि तो त्यांनी काकांसमोर उपडा केला. एक दाणा पडला नाही. रेशनवर साखर आली आहे हे त्या चार दिवस सांगत होत्या.

"रिकामा डबा काय नाचवतेस?" काका म्हणाले.

"रिकामा असला तरी साखरेचाच आहे ना!"

काका मुकाट पिशवी घेऊन बाहेर पडले. शिरीष रेखाला म्हणाला, "कळला रिकामा संच?"

रेखा डब्यात डोकावून म्हणाली, "रिकामा कुठे आहे? दोन मुंग्या आहेत."

*

विज्ञानाचा किस्सा माझ्याच ओट्यावर घडला. वाल ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे आणि रोज काय दिसतं ते लिहायचं, असा प्रयोग होता. ह्यांच्या देखरेखीखाली रेखानं आमच्या स्वयंपाकघरात वाल बांधले. दोन-तीन दिवसांत मोड आले, झकास, पांढरेशुभ्र.

मोड आलेले वाल ओट्यावर दिसल्यावर दुसरं काय करणार? मी ते सोलले, ओलं खोबरं घातलं आणि बिरडं केलं. हे दोनदा मागून जेवले.

संध्याकाळी रेखा वही घेऊन आली. ह्यांनी फडकं उलगडलं, झटकलं, खिडकीत नेऊन पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि मग अगदी गंभीरपणे सांगितलं, "लिही. निरीक्षण: वाल दिसेनासे झाले. कारण: उष्णता."

रेखा इतकी हसली की तिला ठसका लागला. सहामाहीनंतर ती पहिल्यांदा हसली होती. मला त्या बिरड्याचं समाधान वाटलं.

*

गंमत म्हणजे आमच्याकडे रेखाची गणितं बरोबर यायला लागली. दारं उघडीच असायची, त्यामुळे समोरून सामंतांचा आवाज ऐकू यायचा. शिरीष चुकला की ते म्हणायचे, "चुकला? आसांदे रे. परत कर. घाई कित्याक?" वर त्याला बिस्कीट.

तो आवाज आला की रेखाची पेन्सिल थांबायची. एकदा हळूच मला म्हणाली, "काकू, ते आमचेच बाबा आहेत ना?"

मी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि आत निघून गेले.

*

वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी ह्यांच्या कारखान्यात खरंच ऑडिटर आले. हे घरी येईनात. जोशीकाका पुण्याला मुंजीला गेलेले. रेखाला अपूर्णांक अडले होते आणि शिकवायला उरले कोण, तर तिचे स्वतःचे वडील. जिन्यातला ठराव बाजूला ठेवून सामंत तिला घेऊन बसले. कितीतरी दिवसांनी त्यांचं दार बंद झालं.

सामंतवहिनी बाहेर माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. दोघींचे कान दाराला. आधी गणित वाचल्याचा आवाज आला. मग सामंतांचा आवाज चढायला लागला, "कितीदा सांगूचा तुका..."

वहिनींनी माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात रेखाचा बारीक आवाज आला, "बाबा, मला शिरीष म्हणा ना. मग येईल मला."

आत वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग सामंत खाकरले.

"बरा. शिरीष... चुकला? आसांदे रे. परत कर. घाई कित्याक?"

माझा शिरीष घरात जेवत होता. हाक ऐकून तो ताटावरून उठला, "सामंतकाका बोलावतायत" म्हणून. मी धावत जाऊन त्याला खाली बसवलं.

निकालाच्या दिवशी सामंत जिना चढून वर आले. एका हातात रेखाचा हात, दुसऱ्या हातात खरवसाची ताटली. सगळा मजला बाहेर आला. सामंतवहिनी दारातच थिजल्या होत्या. सामंतांनी ताटली माझ्यापुढे धरली.

"वहिनी, आमचो शिरीष पास झालो."