आईच्या कानाने निवडलेला लॅपटॉप

माझ्या रागाबद्दल आधीच सांगून टाकते. मी पटकन चिडते, आणि चिडले की फार शहाण्यासारखं बोलते, ते त्याहून वाईट. त्या वर्षी मी रोज आईवर चिडत होते, कारण तिने कानाचं मशीन वापरायचं सोडलं होतं.

डोंबिवलीच्या आमच्या घरात आम्ही दोघीच. मी एका आर्किटेक्टसाठी इमारतींचे नकाशे काढते, आता घरूनच. हॉलमध्ये खिडकीशी माझं टेबल, त्याच्या हातभर पलीकडे आईची खुर्ची. नवीन मशीन आलं तेव्हा आई म्हणालेली, "अगं, आमटी उकळलेली ऐकू येते मला." महिनाभर आम्ही पोटभर गप्पा मारल्या. मग काय झालं कोण जाणे, सकाळी मी कामाला बसले की ती मशीन काढून स्टीलच्या एका छोट्या डबीत ठेवायला लागली. विचारलं तर म्हणे, "टोचतं."

कानात बसणारं रबर बदलून आणलं, तरी टोचतच होतं. मग मी ओरडून बोलायला लागले. ओरडून प्रेमाचं काही बोलता येत नाही हो. "चहा टाकू का?" हेसुद्धा भांडण काढल्यासारखं वाटतं. हळूहळू मी बोलणंच कमी केलं. आई खिडकीबाहेर बघत बसायची.

खरं कारण कळलं ते माझा लॅपटॉप बसला त्या दुपारी. मोठा नकाशा उघडला की त्याचा पंखा मिक्सरसारखा घरघरायचा. मला त्याची सवय झालेली. त्या दिवशी तो तापून बंदच पडला. मी वैतागून झाकण मिटलं, आणि बघते तर पाच मिनिटांत आईच्या कानात मशीन. "आज लवकर आवरलंस?" तिने हसत विचारलं.

ते मशीन सगळेच आवाज मोठे करतं, पंख्याचासुद्धा. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. "मग सांगायचंस ना," मी म्हटलं. "तुझं काम आहे ते," आई म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई, तिच्याशी काय वाद घालणार? पण मला स्वतःची लाज वाटली.

ठाण्याला वर्तकनगरमध्ये ऑफिसांतून निघालेले, वापरलेले लॅपटॉप विकणारं एक दुकान आहे. माझ्या बजेटमध्ये तेवढंच बसत होतं. रविवारी आईला घेऊनच गेले. दुकानदाराने काउंटरवर तीन लॅपटॉप मांडले. मी पेन ड्राइव्हमधून माझा सगळ्यात जड नकाशा एकेकावर उघडत गेले, म्हणजे पंखा जोरात फिरेल. नारळ घेताना हलवून कानाशी धरतात, तशी आई प्रत्येकाशी कान नेत होती.

पहिला दिसायला सुबक, पण आई लगेच म्हणाली, "हा शिट्टी मारतो." शिवाय त्यात स्टोरेज वाढवायची सोयच नव्हती, आणि माझे नकाशे तर वर्षभरात डिस्क भरून टाकतात.

दुसऱ्यावर नकाशा चुटकीसरशी उघडला. "मॅडम, डोळे मिटून घ्या हा," दुकानदार म्हणाला. "तुमचं अख्ख्या दिवसाचं काम अर्ध्या दिवसात." मला तर पंखा चांगला ऐकू येत होता. आईने कान लावला आणि म्हणाली, "छान आहे. काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. तिची डावी मूठ घट्ट मिटलेली होती. मी ती उघडली. आत मशीन होतं.

दुकानदार बिचारा बिलबुकात बघायला लागला. मला तिथेच तिला रागवायचं होतं, आणि तिथेच रडायलाही येत होतं. "तुझा वेळ वाचला असता," आई शाळकरी पोरीसारखी म्हणाली. मी मशीन तिच्या कानात बसवलं, केस नीट केले आणि दुकानदाराला म्हटलं, "तिसरा दाखवा."

तिसरा जाडा, जड, थोडा संथ. कडेला कुठल्याशा कंपनीचा स्टिकर खरवडल्याच्या खुणा. दुकानदाराने मागचे स्क्रू काढून दाखवलं, दुसरी डिस्क बसवायला जागा होती, रॅमही वाढवता येणार होती. नकाशा उघडेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. आईने कान लावला, बराच वेळ लावला. "चालू केलायस ना गं?" तिने विचारलं. मी आधी तिच्या दोन्ही मुठी बघितल्या. रिकाम्या होत्या.

तोच घेतला. जास्तीची डिस्क तिथेच बसवून घेतली. अजूनही मोठी फाइल सेव्ह व्हायला वेळ लागतो, आणि मी अजूनही चिडते. पण तेवढ्यात आई काहीतरी विचारते, मी उत्तर देते, आणि फाइल कधी सेव्ह झाली ते कळतही नाही.

परवा चहा करताना वेलदोडे सापडेनात. शेवटी ती स्टीलची डबी उघडली, तर तिच्यात वेलदोडे भरून ठेवलेले.

"सापडले का?" आईने हॉलमधून विचारलं.

"सापडले," मी पाठमोरीच, हळूच म्हणाले.

"मग दोन जास्त घाल," आई म्हणाली.