पट्टीवरचं मेण

पालमकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी नवी मोटर जोडायला गेलो होतो. तिथला म्हातारा मिस्त्री मला तेवढाच एकदा भेटला. पॅनलमधून करंट नेणारी ॲल्युमिनियमची पट्टी मी मापली, पुस्तकातला तक्ता बघितला आणि म्हणालो, "अजून एक मोटर आरामात झेलेल."

मेन स्विच पाडून मिस्त्रीनं पट्टीच्या जोडावर मेणबत्तीचा तुकडा चिकटवला, हात पायजम्याला पुसले आणि जुन्याच मोटरा तासभर चालवल्या. मग पुन्हा स्विच पाडून पॅनलचं दार उघडलं. मेण पार ओघळलं होतं. खोलीबाहेर छतापर्यंत कापूस रचलेला, एक ठिणगी पुरे होती.

"सायेब, बुकात खोली किती तापलेली धरली हाय?"

तक्त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पस्तीस अंश. एप्रिलातली ती पत्र्याची खोली भट्टीसारखी तापली होती.

"मंग बुकवाला आमच्याकडं उन्हाळ्यात आलेला न्हाई दिसत," तो शांतपणे म्हणाला.

सहा वर्षं मी तो तक्ता वापरत होतो. ती ओळ त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. मोटर जोडायची नाही, असं रिपोर्टात लिहून मी त्याच्यापुढं सहीसाठी पेन धरलं.

त्यानं अंगठा पुढं केला.