वन्संची भिंत

"ताई, तू भिंत तोडलीस!"

"भिंत कसली? रान होतं सगळं. तू हाक मारलीस, मी आले."

"हाक चहाला मारली होती! वळणानं यायचं सोडून सरळ कापत आलीस?"

"मग तोंड मिटून काम करायचं होतंस."

चहाची किटली घेऊन मी झुडपांपलीकडे उभी होते, म्हणून हे भांडण कानावर पडलं. भांडत होते आमचे हे आणि यांची थोरली बहीण, आमच्या वन्सं. मोठ्या बंगल्यामागची जुनी बाग कित्येक वर्षं बेवारशी पडली होती. ती पुन्हा उभी करून लोकांना दाखवायची म्हणून मालकांनी या बहीणभावांना कामाला लावलं. बागेत उंच झुडपांच्या भिंतींचा भूलभुलैया होता. हे मधल्या चौकातून साफ करत निघाले, वन्सं दारापासून. भिंत कुठली आणि वाट कुठली, काही म्हणून कळत नव्हतं. वन्संनी आवाजाच्या रोखानं कोयता चालवला आणि आजोबा-पणजोबांच्या काळच्या भिंतीला भगदाड पाडलं.

मग त्यांनी त्याच झुडपाच्या फांद्यांपासून रोपं केली आणि भगदाडात लावली. पण बाग उघडली आणि पाहुणे ती रोपं तुडवत सरळ जायला लागले. बागेचा व्यवस्थापक म्हणाला, "मावशी, राहू द्या की ही वाट. लोकांना लवकर बाहेर पडायचं असतं."

"लवकर बाहेर पडायचं तर आत कशाला येतात?"

तो हसला, पण ऐकेना. "वर्षभरात रोपं रुजली तर ठीक. नाहीतर फरशी टाकून वाट पक्की करतो."

झालं. वन्संनी घरातलं स्टूल उचललं आणि भगदाडात जाऊन बसल्या. "इथं भिंत आहे, मागे फिरा," दिवसभर हेच. एकजण म्हणाला, "भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं, तोंड आजच बघतोय."

"कानही आहेत. हळू बोला."

बसून बसून माणूस एवढं थकतं, हे मला तेव्हा कळलं. घरी आल्यावर त्यांचा गुडघा वाकायचा नाही, वाकला तर सरळ व्हायचा नाही. हे म्हणायचे, "ताई, उद्या मी बसतो." त्यावर उत्तर ठरलेलं, "तुझ्या तोंडामुळेच बसलेय. गप जेव." मी तेल लावायला घेतलं की तेवढ्यात त्यांचा डोळा लागायचा, ताट तसंच.

रोपं रुजली. फरशीचं नाव पुन्हा निघालं नाही. पण झुडूप काही माणसाच्या सोयीनं वाढत नाही. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, तोवर वन्संच्या हातात काठी आली आणि आमचे हे भांडायला उरले नाहीत. शेवटी भिंत डोक्यावर गेली. स्टूल ठेवायला जागा राहिली नाही. वन्सं म्हणाल्या, "आता पुरे. उद्यापासून घरी."

त्या संध्याकाळी मी त्यांना न्यायला गेले होते. फाटक लावायची वेळ झाली आणि आतून हाका आल्या, कोणीतरी चुकलं होतं. अशांना आणायला एरवी वन्संच जायच्या. व्यवस्थापक म्हणाला, "मावशी, आज मी जातो."

"मग तुम्हाला आणायला कोण जाईल?"

आता मधून जाता येत नव्हतं. वन्सं काठी टेकत, सगळी वळणं घेत आत गेल्या. मी आणि तो उभे. बऱ्याच वेळानं एक नवराबायको बाहेर आले, मागून वन्सं, "सावकाश, पायाखाली दगड आहे" म्हणत. मग त्यांनी फाटकाला कडी घातली आणि ओढून पाहिली.